विमान सुष्मितानं उतरवलं

आजच्या सभेच्या अध्यक्षा, आपल्या मंडळाच्या सर्वांत ज्येष्ठ सदस्या आदरणीय अन्नपूर्णाबाई. प्रमुख पाहुणे आणि एका मोठ्या वृत्तवाहिनीचे संपादक श्री. अमोघ साठये, ज्या उड्डाण प्रशिक्षण संस्थेत मी उभं आयुष्य काढलं, तिचे अध्यक्ष श्री. विजयकुमार, मंडळाचे पदाधिकारी, आणि मैलापूरपासून आवडीपर्यंत, या तमिळ शहराच्या कुठल्या कुठल्या टोकांहून, या उकाड्यात, रविवारची झोप मोडून आलेल्या माझ्या तंजावरकर आणि महाराष्ट्रातल्या बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

विजयकुमार सर, तुम्हाला मराठी येत नाही, हे मला ठाऊक आहे. शेजारी बसलेले साठयेसाहेब तुम्हाला अर्थ सांगतील. साहेब, तेवढा मात्र बरोबर सांगा हं.

अवनीनं आत्ता माझा परिचय करून दिला. किती गोड वाचलं तिनं! ‘भरकटलेलं विमान शाळेवरून दूर नेऊन चारशे चिमुकल्यांचे प्राण वाचवणाऱ्या वीरांगना, अलकनंदा रणपिसे.’ तुम्ही टाळ्याही वाजवल्या. अवनीची यात काही चूक नाही. तिनं इंटरनेटवर माझं नाव शोधलं, आणि जे पुढं आलं ते लिहून घेतलं. पण या महिनाअखेर मी निवृत्त होते आहे. निघताना माणसानं आपल्या सामानात दुसऱ्याची वस्तू तर आली नाही ना, हे पाहून घ्यावं. म्हणून स्पष्टच सांगते. ही शाल माझ्या शिकवण्याबद्दल असेल तर ती मी आनंदानं पांघरते. त्या मे महिन्यातल्या सकाळीबद्दल असेल, तर तिची खरी मानकरी तिकडं दुसऱ्या रांगेत, वडिलांच्या शेजारी बसली आहे. सुष्मिता, जरा उभी राहा. लाजू नकोस. बघून घेतलंत सगळ्यांनी? बस आता.

आज इथं येण्यापूर्वी मी तिला विचारलं होतं, ‘तुझं नाव घेतलेलं चालेल का?’ ती म्हणाली, ‘घ्या मॅडम. इतकी वर्षं दुसरेच घेतायत.’

तर ऐका. निरोपाच्या भाषणात गोड आठवणी सांगायच्या असतात, हा संकेत मला माहीत आहे. आज तो मी मोडणार आहे. अन्नपूर्णाबाई, आपण वडीलधाऱ्या आहात, आपण सांभाळून घ्याल.

सुष्मिता तेव्हा माझी विद्यार्थिनी होती. घर मैलापुरात, कपालीश्वराच्या देवळामागं. घराणं मूळ तंजावरचं. वडील बालाजीराव बँकेतून निवृत्त झाले, तो सगळा पैसा मुलीच्या उड्डाणाच्या शिक्षणात घातला. बोलायला अगदी कमी. पहिले काही महिने मला वाटायचं, हिला येतंय की नुसतीच मान हलवतेय? मग कळलं, तिला येतं म्हणूनच ती बोलत नाही.

आमचं प्रशिक्षणाचं विमान म्हणजे काय, हे आधी सांगते. दोन माणसं बसतील एवढंच. शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लागतो. डावीकडं शिकणारा, उजवीकडं शिकवणारा. पुढं एक इंजिन, एक पंखा. आपल्या ऑटोपेक्षा थोडं मोठं समजा, आणि आवाज ऑटोपेक्षा बराच जास्त.

त्या सकाळी आम्ही श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला गेलो होतो. खाली कंपन्यांच्या बसगाड्या शिफ्टची माणसं घेऊन रांगेनं निघाल्या होत्या. आकाश स्वच्छ. परतीला वळलो आणि समोरून एक घार आली. मोठी. मी ‘डावीकडं!’ म्हणेपर्यंत आदळलीसुद्धा. आधी पंख्यावर, मग माझ्या पुढ्यातल्या काचेवर. काच फुटून माझ्या तोंडावर आली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. हे वाक्य नीट ऐका, कारण सगळ्या कहाणीचं मर्म तिथंच आहे. पुढचं मी पाहिलेलं नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांत रक्त आणि काचेचा चुरा होता, आणि माझे दोन्ही हात डोळ्यांवर होते.

वारा असा घोंघावत आत येत होता की कानावरच्या हेडफोनमधूनही धड ऐकू येईना. आणि विमान थरथरत होतं. नुसतं थरथरत नव्हतं, दात वाजावेत असं हादरत होतं. मला कळलं, पंख्याचं पातं तुटलंय. एक पातं तुटलं की पंख्याचा तोल जातो, आणि तसंच चालू ठेवलं तर इंजिन आपल्या बैठकीतून उखडून निघतं. ते निघालं की मग कुणाच्याच हातात काही राहत नाही.

मी ओरडले, ‘सुष्मिता, मला दिसत नाही. विमान तुझं.’

ती म्हणाली, ‘सरी, मॅडम.’ तमिळमधलं ‘सरी’. ठीक आहे, एवढंच. भाजीवाल्याला म्हणावं तसं.

मग ती म्हणाली, ‘पंखा गेलाय. इंजिन बंद करते.’ आणि तिनं बंद केलं. हादरणं थांबलं. नुसता वारा उरला.

आता लोकांना वाटतं, इंजिन बंद झालं की विमान दगडासारखं खाली येतं. तसं नसतं हो. पंख शाबूत असतात, वेग असतो. विमान तरंगत तरंगत, उतरणीवरून आल्यासारखं खाली येतं. चालवणाऱ्यानं फक्त दोन गोष्टी करायच्या असतात. वेग सांभाळायचा, आणि जागा निवडायची. ‘फक्त’ म्हटलं मी. पंचविशीही न गाठलेल्या मुलीनं, शेजारी रक्तबंबाळ शिक्षिका असताना, तोंडावर वारा घेत या दोन गोष्टी करायच्या. तिनं रेडिओवर आमचा ठावठिकाणा कळवला. मला सांगत राहिली, ‘मॅडम, समोर एरी आहे, कोरडी आहे. तिकडं घेते.’ एरी म्हणजे आपल्याकडचा पाझर तलाव. मे महिना, तलाव आटलेला. सपाट, मोकळा, माणूस ना काणूस. ती जागा तिनं पहिल्यापासून धरली होती. कुठून तरी वळवून, कुणाला तरी वाचवून ती तिकडं गेली नाही. ती सरळ तिकडंच गेली.

चाकं टेकली. मला जाणवलं, किती हळुवार टेकली. विमान बरंच अंतर नीट धावलं. पण तलावाच्या मध्यावर वरून सुकलेला आणि आतून ओला चिखल होता. पुढचं चाक त्यात रुतलं आणि विमान पालथं झालं. आम्ही दोघी पट्ट्यांना उलट्या लटकलेल्या. पेट्रोलचा वास. सुष्मिताच्या खांद्याचा सांधा निखळला होता. तशा हातानं तिनं आधी माझा पट्टा सोडला, मला बाहेर ओढलं आणि लांब नेऊन बसवलं. बांधावर ताडगोळे विकणारा एक गृहस्थ धावत आला, त्यानं आम्हाला पाणी पाजलं.

झालं. अपघात एवढाच. दोघी जिवंत. आमच्या शास्त्रात याला उत्तम काम म्हणतात.

दुसरा अपघात त्यानंतर झाला. तो वाहिन्यांवर झाला, आणि त्यातून बाहेर काढायला मात्र कुणी धावून आलं नाही.

मी इस्पितळात, डोळ्यांवर पट्ट्या. माझे यजमान गुरुराज, ते तेव्हा आवडीच्या कारखान्यात नोकरीला होते, रजा घेऊन शेजारी बसून मला मोबाइलवरच्या बातम्या वाचून दाखवत होते. ‘श्रीपेरुंबुदूरजवळ जेट कोसळलं.’ मी म्हटलं, ‘अरे बापरे, तिथं आणखी कुठलं जेट होतं?’ ते म्हणाले, ‘अगं, हे तुमचंच.’ पुढं वाचलं, ‘हवेतच पेट घेतला.’ चिखलाची धूळ उडाली होती, तो त्यांचा धूर. ‘ब्लॅक बॉक्सचा शोध सुरू.’ अहो, आमच्या विमानात ब्लॅक बॉक्स नसतोच. शोधणार काय, कप्पाळ? ‘इंजिन स्टॉल झालं.’ स्टॉल हा आमचा शब्द, तो पंखांचा. पंखांखालचा हवेचा आधार सुटला की स्टॉल. सिग्नलला ऑटो बंद पडते तिच्याशी त्याचा संबंध नाही. इथवर मी हसत होते. हसताना टाके ओढले जात होते, तरी हसत होते.

मग ते वाचता वाचता थांबले. मी म्हटलं, ‘पुढं?’

ते म्हणाले, ‘राहू दे ना.’

‘वाचा.’

‘घाबरलेल्या विद्यार्थिनीनं भर आकाशात इंजिन बंद केलं. प्रसंगावधान राखून प्रशिक्षिकेनं विमानाचा ताबा घेतला, शाळेवरून ते दूर नेलं आणि चारशे मुलांचे प्राण वाचवले.’

मी विचारलं, ‘ही बातमी कुणाबद्दल आहे?’

‘तुझ्याबद्दल,’ ते म्हणाले.

शाळा होती हो तिथं. तलावापासून चांगली लांब. आणि मे महिना होता! मुलं आपापल्या आजोळी आंबे खात होती. शाळेच्या दाराला कुलूप होतं. वाचवायला आत एक शिपाईसुद्धा नव्हता. एकाही वार्ताहराला आपल्या लहानपणीची उन्हाळ्याची सुट्टी आठवू नये?

आणि तो ताडगोळेवाला. त्याला कॅमेऱ्यापुढं उभं केलं होतं. तो तमिळमध्ये अगदी सरळ सांगतोय, ‘त्या मुलीनं बाईंना बाहेर ओढलं.’ त्यावर वाहिनीनं दुसऱ्या भाषेतला आवाज चढवला, ‘बाईंनी मुलीला बाहेर ओढलं.’ ती चित्रफीत आजही आहे. ज्याला तमिळ कळतं त्याला खालच्या दबलेल्या आवाजात खरं ऐकू येतं. वरचा मोठा आवाज खोटं सांगतो.

ती वाहिनी कोणती, हे मी सांगत नाही. व्यासपीठावरच्या पाहुण्यांचा मान राखणं हा आपला रिवाज आहे.

मी इस्पितळातूनच फोन लावला. बातमी केलेले गृहस्थ भेटले. मी म्हटलं, ‘अहो, विमान सुष्मितानं उतरवलं. इंजिन बंद करणं हेच योग्य होतं.’ तिकडून उत्तर काय आलं असेल? ‘पण मॅडम, तुमच्याबद्दल तर चांगलंच लिहिलंय!’

मी म्हटलं, ‘खोटं आहे.’

‘चांगलं आहे ना पण?’

मंडळी, मी फोन ठेवून दिला. आज इथं उभी आहे, ती त्या वाक्याला उत्तर द्यायला.

त्या चांगल्याची किंमत कोण देत होतं? मैलापुरात त्या घरी काय चाललं होतं? बालाजीराव कधी न चुकवता संगीतसभेत कचेरी, म्हणजे गाण्याची मैफल, ऐकायला जाणारे. एकदा मध्यंतरात कॉफी घेताना कुणीतरी विचारलं, ‘तुमचीच ना ती, विमान पाडणारी?’ ते कप ठेवून घरी आले आणि पुन्हा गेले नाहीत. तंजावरहून नातेवाइकांचे फोन. सुष्मिता तर जिना उतरेना. तिच्या खोलीतले विमानांचे नकाशे तिनं काढून गुंडाळून ठेवले.

एके दिवशी बालाजीराव मला भेटायला इस्पितळात आले. माझ्या पट्ट्या अजून सुटल्या नव्हत्या, मी त्यांना पाहू शकत नव्हते. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग आपल्या जुन्या, आजोबा-पणजोबांच्या मराठीत म्हणाले, ‘अक्का, एक पुसतों. रागें भरूं नका. माझ्या लेकीनं इंजिन बंद केलें, तें भिऊन केलें काय?’

बापाला हा प्रश्न विचारावा लागला! स्वतःच्या मुलीला ते विचारू शकत नव्हते. घरातल्या घरात त्या बातमीनं भिंत घातली होती.

मी म्हटलं, ‘बालाजीराव, तिनं ते बंद केलं नसतं, तर आज तुम्ही मला पुसायला आला नसतात. दोन घरी सुतक असतं.’

ते उठले. म्हणाले, ‘सरी. मग मी कोणास भीत नाहीं.’

त्या दिवसापासून मीही भीत नाही.

डोळे बरे झाले. वाहिनीनं मला मुलाखतीला बोलावलं. थेट प्रक्षेपण. मृत्यूवर मात करणारी स्त्री वगैरे. मी म्हटलं, येते. माझ्या मनात काय आहे ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दिवे लागले. निवेदिकेनं विचारलं, ‘त्या क्षणी शाळेतल्या मुलांचे चेहरे तुमच्या डोळ्यांपुढे आले का?’ मी म्हटलं, ‘बाई, माझ्या डोळ्यांत काच होती आणि शाळेला सुट्टी होती. विमान सुष्मितानं उतरवलं. इंजिन तिनं विचारपूर्वक बंद केलं. तुम्ही जे दाखवलंत ते खोटं आहे.’ पुढचं वाक्य तोंडात होतं तोवर जाहिराती लागल्या. मला कुणीतरी अदबीनं खुर्चीवरून उठवलं. जाहिराती संपल्यावर माझ्या जागी एक ज्योतिषी बसले होते, आणि मंगळाचा विमानांवर होणारा परिणाम सांगत होते. आमच्या घारीवर कुठल्या ग्रहाची वक्रदृष्टी होती, ते मात्र ऐकायचं राहिलं.

हसा, हसा. मीही आता हसते.

सरकारी चौकशी झाली. बराच काळ लागला. अहवालात स्वच्छ लिहिलं होतं की पक्षी आदळला, पातं तुटलं, इंजिन बंद करण्याचा आणि तलावात उतरण्याचा विद्यार्थिनीचा निर्णय अचूक होता. मी तो सगळ्या वाहिन्यांना आणि पेपरांना पाठवला. किती जणांनी छापला? एका सायंदैनिकानं, आतल्या पानावर, चार ओळी. त्यातही सुष्मिताची ‘सुष्मा’ केली.

आणि आमच्या संस्थेनं काय केलं? विजयकुमार सर, आता साठयेसाहेबांकडं बघू नका, हे मी तुम्हाला तमिळमध्येही सांगितलेलं आहे. अहवाल आला तरी संस्था तिला पुन्हा विमानात बसू देईना. ‘इतर मुलांचे पालक विचारतात,’ म्हणे. तोवर माझा फोटो मात्र जाहिरातीच्या फलकावर लागला होता. मी सरांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, ‘सुष्मिता उडणार नसेल तर मीही उडणार नाही. आणि तो फलक आजच्या आज उतरवा, नाहीतर मी शिडी घेऊन जाते.’ सर रागानं लाल झाले. ‘तुम्ही संस्थेचं नुकसान करताय,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘संस्था विमान चालवायला शिकवते ना? जिनं ते सगळ्यांत कठीण वेळी चालवून दाखवलं तिला खाली बसवून तुम्ही बाकीच्यांना काय शिकवणार?’ मी रोज वेळेवर जात होते आणि विमानं ठेवतात त्या हँगरबाहेर खुर्ची टाकून बसत होते. माझे विद्यार्थीही येऊन शेजारी बसू लागले. आठवडा उलटायच्या आत सरांनी मला बोलावलं आणि सुष्मिताला उडू द्यायचं कबूल केलं. त्यांच्याबद्दल एक सांगते, त्यांनी एकदा निर्णय घेतल्यावर पुन्हा कधी मागं वळून पाहिलं नाही. आणि फलक त्यांनी स्वतः उभं राहून उतरवून घेतला. सर, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

पहिल्या दिवशी मी तिच्या शेजारी बसले. मी माझे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. धावपट्टी संपत आली, चाकं सुटली, आणि खाली ते सगळे तलाव, पावसानंतरचे, भरलेले, चमकायला लागले. मी तिच्याकडं पाहिलं. ती रडत होती आणि वेग अगदी काटेकोर सांभाळत होती.

पुढं तिनं परवाना मिळवला. विमान कंपन्यांमध्ये गेली. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न, ‘इंजिन बंद करणारी ती तूच का?’ कारण आजही तिचं नाव शोधलं की पहिली तीच चित्रफीत येते. एका ठिकाणी तिनं अहवाल पुढं ठेवला, तर म्हणाले, ‘हे ठीक आहे, पण प्रवाशांनी ती चित्रफीत बघितली तर?’ तेव्हा ती तिथून उठली आणि थेट माझ्याकडं आली. ‘मॅडम, मी शिकवेन,’ म्हणाली. ‘पुढच्या वेळी कुणाच्या पंख्यावर घार आली तर त्याला माहीत असायला हवं.’ गेली काही वर्षं ती आमच्याकडं शिकवते आहे. आणि विजयकुमार सरांनी कालच सही केली आहे, येत्या एक तारखेपासून माझ्या जागी मुख्य प्रशिक्षिका म्हणून सुष्मिता येते आहे.

टाळ्या थांबवा जरा. मला अजून एक काम आहे.

साठयेसाहेब, त्या वेळी बातमी करणारे तुम्ही नव्हता, हे मला ठाऊक आहे. तुम्ही नंतर आलात. तुम्ही सज्जन आहात, मंडळाला मदत करता, आज वेळ काढून आलात. पण आता त्या खुर्चीवर तुम्ही आहात, आणि ती चित्रफीत अजून तिथंच आहे. इतक्या वर्षांत मी किती वेळा लिहिलं, किती फोन केले, ते सांगत नाही. फोनवर माणसाला हसून टाळता येतं. समोर दोनशे माणसं बसली असताना टाळता येत नाही, म्हणून मी आजचा मुहूर्त धरला. हे सभ्यपणाला धरून नाही, असं कुणाला वाटत असेल तर वाटू द्या. मला एकच विचारायचं आहे. त्या चित्रफितीचं काय करणार?

काय म्हणालात? माइकजवळ या ना, मागच्यांना ऐकू येत नाही. ‘काढून टाकतो.’

नाही साहेब. काढू नका. ती काढलीत तर खोटं पुसलं जाईल, पण खरं कुठं येईल? लोकांच्या डोक्यात ते तसंच राहील. त्याच जागी, त्याच नावाखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत तुमच्या वाहिनीनं सांगावं की आम्ही चुकलो, विमान सुष्मितानं उतरवलं.

‘करतो’ म्हणालात. ऐकलंत सगळ्यांनी? बालाजीराव, ऐकलंत?

बालाजीराव उभे राहिलेत. बोला, बालाजीराव. ... ते म्हणतायत, ‘तंजावरास फोन करितों.’ करा, करा. आत्ताच करा, बाहेर जाऊन. आम्ही थांबतो.

मंडळाचे, अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, स्वयंपाकघरात उभं राहून घाम गाळणाऱ्या सगळ्या मंडळींचे, आणि माझ्या डोळ्यांवर पट्टी असताना मला एकही अक्षर न लपवता वाचून दाखवणाऱ्या गुरुराजांचे मी आभार मानते. बोलण्याच्या ओघात कुठं तोल गेला असेल, शब्द कडू लागला असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. पण माझ्या बोलण्यात काही खोटं आलं असेल तर ते मात्र पदरात घेऊ नका. आत्ताच उठून सांगा. मी इथंच, या माइकवर, दुरुस्त करून मगच खाली उतरेन.